‘मी काही करणार नाही ना?’ : बाळंतपणानंतरचा ओसीडी आणि माझी थेरपी

लेकीला सव्वा महिना व्हायच्या आतच मी माहेरच्या स्वयंपाकघरातली विळी, सुऱ्या आणि नारळाची खवणी माळ्यावर ठेवायला लावली होती. घरात तान्हं बाळ आहे, धारेच्या वस्तू हाताशी नकोत, असं आईला सांगितलं. तिला ते पटलं. लेक बाळाला किती जपते, म्हणून शेजारच्या काकूंना तिने कौतुकाने सांगितलंसुद्धा.

खरं कारण वेगळं होतं. मेथी चिरायला बसले होते, बाळ पलीकडे दुपट्यावर झोपलं होतं, आणि मनात आलं, ही विळी आपण हिच्यावर चालवली तर? नुसते शब्द नव्हते, रक्तासकट चित्र होतं. मी ताडकन उठले, बाळाला उचलून आईकडे दिलं आणि मोरीत जाऊन रडले. पोटच्या पोरीबद्दल असलं काही मनात येऊच कसं शकतं? आलं म्हणजे मी आतून तशीच असणार. एक दिवस भान सुटेल आणि माझ्या हातून ते घडून जाईल.

तेव्हापासून तो विचार ठाण मांडून बसला. बाळाला अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी एखाद्या दिवशी खाडा केला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण लेकीला पाण्यात धरायची वेळ माझ्यावर येणार. पाजून झाल्यावर तिच्या मानेखालचा हात जास्त दाबला गेला का, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवून बघायचे. हात शिवशिवतोय का, मनात कुठे राग आहे का, हे सारखं आत डोकावून तपासायचे. विचार आला की अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं, म्हणजे तो पुसला जातो, असा एक नियमही आपोआप तयार झाला होता. नाव घेताना मध्येच चित्र दिसलं की मोजणी पुन्हा एकपासून. पहाटे तीन वाजता अंधारात मोबाइलवर ‘आईने बाळाला’ एवढं टाइप करून पुढे येतील त्या बातम्या वाचायचे. त्या बायका आधी कशा वागत होत्या, माझ्यासारख्या होत्या का, हे मला शोधायचं असायचं.

आणि सगळ्यांत जास्त काय करायचे, तर विचारायचे. नवरा पुण्याला होता. दिवसातून कितीदा तरी फोन करून म्हणायचे, “मी काही करणार नाही ना हिला?” तो म्हणायचा, “अगं, तू मुंगी मारत नाहीस, बाळाला काय करणार आहेस?” तेवढ्याने जीव भांड्यात पडायचा. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. त्याला काय माहीत माझ्या डोक्यात काय चाललंय? मी त्याला सगळं नीट कुठे सांगितलंय? मग परत फोन.

पुण्याला आल्यावर विळीच्या जोडीला गॅलरी आली. आमचं घर चौथ्या मजल्यावर. मी गॅलरीचं दार कायमचं लावून टाकलं आणि कपडे घरातच वाळत घालू लागले. सासूबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, दुपारी झोपायला लावलं, रात्रीचं बाळ स्वतःकडे घेतलं. त्यांची माया खरी होती. पण बाळ माझ्यापासून जितकं लांब, तितकी माझी खात्री पक्की होत गेली की मी तिच्यासाठी धोका आहे.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना अर्धवट काहीतरी सांगितलं. नव्या आयांना होतंच असं, झोप काढा, असं उत्तर मिळालं. पुढे एका रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, विळीपासून गॅलरीपर्यंत. तो घाबरला नाही. आपण डॉक्टरांकडे जाऊ, एवढंच म्हणाला.

मानसोपचारतज्ज्ञांच्या केबिनमध्ये मी एका भीतीने थरथरत होते. हे ऐकल्यावर बाळ माझ्यापासून काढून घेतील, असं मला वाटत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “हे विचार आले की तुम्हाला काय होतं?” मरून जावंसं वाटतं, म्हटलं. त्यावर त्यांनी मरण्याबद्दल स्वतंत्रपणे आणि स्पष्ट विचारलं. मग पुढचे प्रश्न. कुणी आतून हुकूम देतंय असं वाटतं का? आवाज ऐकू येतात का? बाळात काही वाईट शक्ती आहे, ते बाळ बदललंय, असं वाटतं का? झोपेची गरजच वाटेनाशी झाली आहे का? सगळ्याला उत्तर ‘नाही’ होतं.

हे प्रश्न कशासाठी, ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. बाळंतपणानंतर क्वचित, दर हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायकांना, सायकोसिस होतो. त्यात बाईचं वास्तवाशी नातं सुटतं, भलतंसलतं तिला खरं वाटू लागतं आणि त्याचा तिला धक्काही बसत नाही. तेव्हा आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. अशा वेळी वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मला होता तो ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात: नकोसा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो शमवायला माणूस त्याच त्या कृती करत राहतो. ओसीडीत बाईला आपले विचार भयंकर वाटतात, नकोसे वाटतात, आणि ते खरे होऊ नयेत म्हणून ती जिवाचं रान करते. वरवर दोन्हीकडे ‘बाळाला इजा’ हेच शब्द असतात, म्हणून गल्लत होते. फरक तपासूनच कळतो, त्यामुळे घरच्या घरी निदान करू नये.

मग दहा प्रश्नांची एक मोजपट्टी भरून घेतली. तिला येल-ब्राऊन स्केल म्हणतात. पाच प्रश्न विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. २४ ते ३१ म्हणजे तीव्र. मी त्या गटात होते. कागदावर तो आकडा बघून मला चक्क हायसं वाटलं. याला नाव आहे, मोजमाप आहे, म्हणजे उपायही असणार.

सर्ट्रालिन सुरू झालं. अंगावर पाजणाऱ्या आयांना हे औषध बऱ्याचदा दिलं जातं, कारण ते दुधात फार कमी उतरतं. तरी बाळाच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ओसीडीत या गोळ्यांचा डोस नैराश्यापेक्षा अनेकदा जास्त लागतो आणि नीट परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. हे आधी सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून मी गोळी सोडली असती. गोळीने विचार गेले नाहीत. त्यांचा आवाज थोडा खाली आला, आणि थेरपी करण्याइतकं बळ आलं.

थेरपीचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, सगळे ईआरपीच म्हणतात. भीती वाटते त्या गोष्टीच्या समोर जायचं आणि भीती घालवण्यासाठी एरवी जे करतो ते करायचं नाही. सांगायला एका ओळीचं काम आहे. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर केलेले असे उपचार प्रसिद्ध केले. त्याआधी मंत्रचळ म्हणजे जन्माची सोबत असंच बहुतेक डॉक्टर धरून चालत. आज ओसीडीवरच्या मानसोपचारांमध्ये सर्वांत जास्त पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे.

माझ्या सायकॉलॉजिस्ट पन्नाशीच्या आसपासच्या, हळू बोलणाऱ्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे. सुरुवातीच्या भेटींत एक्स्पोजर काहीच नव्हतं. त्यांनी मला एक अभ्यास समजावून सांगितला. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्व्हा यांनी ओसीडी नसलेल्या माणसांना विचारलं, तुमच्या मनात असे नकोसे विचार येतात का? बहुतेकांनी हो म्हटलं. कुणाला ढकलून द्यावं, कुणाला भोसकावं, असलेच विचार. रुग्णांचे विचार आणि या लोकांचे विचार कागदावर लिहून तज्ज्ञांपुढे ठेवले, तर कुठले कुणाचे हे त्यांनाही धड ओळखता आलं नाही. नव्या आयांच्या अभ्यासांतही सुमारे निम्म्या जणींनी बाळाला मुद्दाम इजा करण्याचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं आहे. विचार सगळ्यांच्या दारात येतो. बाकीच्यांच्या दारातून तो निघून जातो, कारण त्या त्याला किंमत देत नाहीत. मी त्याला आत घेतलं, त्याची उलटतपासणी केली, त्याच्याकडून मी चांगली आई असल्याचा दाखला मागितला.

हे ऐकून मी त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू तान्ही असताना तुला घेऊन विहिरीवरून जाताना मलापण तसं व्हायचं गं. आत टाकली तर, असं यायचं मनात. मी आपली पुढं जायचे.” माझ्या रडण्याला बांध राहिला नाही. केवढा आधार वाटला. मग काय केलं असेल मी? दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, आई, ते विहिरीचं सांग ना. तिसऱ्या दिवशीही. मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “आईने पहिल्यांदा सांगितलं ती माहिती होती. आता ती गोळीसारखी लागते आहे.”

मला वाटतं, या आजारातली सगळ्यांत कळीची आणि घरच्यांना पटायला सगळ्यांत अवघड गोष्ट हीच आहे. हात धुणं, कुलूप ओढून बघणं दिसतं तरी. खात्री मागणं हे प्रेमाच्या बोलण्यासारखं दिसतं, म्हणून ते कृतीत मोजलंच जात नाही. माझा नवरा जे ‘तू मुंगी मारत नाहीस’ म्हणायचा, ते त्याच्या बाजूने प्रेमच होतं. पण प्रत्येक उत्तराबरोबर माझं मन शिकत होतं की प्रश्न खराच गंभीर आहे, म्हणून तर उत्तर लागतं.

मॅडमनी नवऱ्याला आणि सासूबाईंना एका भेटीला बोलावलं. सासूबाई कुंकू-पदर सारख्या करून अगदी ताठ बसल्या होत्या. मॅडमनी एक वाक्य लिहून दिलं: “हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.” सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पोरगी रडत असली तरी धीर द्यायचा नाही?” मॅडम म्हणाल्या, “धीर द्या. उत्तर देऊ नका.” सासूबाईंनी ते वाक्य फ्रिजवर चिकटवलं आणि माझ्यापेक्षा कसोशीने पाळलं. मी विचारलं की त्या माझ्या पाठीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “ओसीडीचा आहे हो. बस माझ्याजवळ.”

मग उतरंड बनवली. कुठल्या गोष्टीने किती भीती वाटते, शून्य ते शंभर. ‘विळी’ हा शब्द लिहिणं, वीस. बाळ दुसऱ्या खोलीत असताना सुरीने टोमॅटो चिरणं, चाळीस. एकटीने अंघोळ घालणं, सत्तर. बाळाला घेऊन गॅलरीत उभं राहणं, नव्वद. मॅडमचा एक दंडक होता: कुठलीही आई रोजच्या संसारात जे करते, तेच आपण करायचं, अधिक धोक्याचं काही नाही. आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढची पायरी नाही. ईआरपीत जबरदस्ती करतात असं काही जण समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

प्रत्येक एक्स्पोजरच्या आधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं, काय झालं. कोबी चिरण्याचा दिवस मला लख्ख आठवतो. बाळ स्वयंपाकघराच्या दाराशी झोळीत, मी ओट्याखाली विळीवर. वहीत लिहिलं होतं, ‘पाच मिनिटांत माझा ताबा सुटेल.’ पहिली फोड पात्यावर धरली आणि चित्र आलंच. अकरा वेळा नाव घ्यायला जीभ टाळूला लागली होती. ते नाव मी घेतलं नाही. चित्राला मनातल्या मनात म्हटलं, कदाचित. कदाचित होईल, कदाचित नाही, मला कोबी चिरायचाय. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. कोबी जाडाभरडा चिरला गेला. लेक मध्येच जागी झाली आणि झोळीच्या दोऱ्यांकडे बघत हुंकार देत राहिली. चिरून झाला तरी भीती ऐंशीच्या खाली आली नव्हती. मॅडमना मी जरा ओशाळून सांगितलं की भीती उतरलीच नाही. त्या म्हणाल्या, “उतरली नाही तरी कोबी झाला ना? ते शिकायचंय.” पुढे वाचनात आलं की आताचे बरेच थेरपिस्ट याच अंगाने शिकवतात. भीती उतरण्याची वाट बघण्यापेक्षा, भीती असतानाही आपण राहू शकतो हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवायचं.

सुरुवातीला नवरा बाहेरच्या खोलीत असायचा. काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, आता तो घरात नसताना करा. कारण तो घरात आहे, काही झालं तर धावेल, हीसुद्धा खात्रीच होती.

देवाच्या नावावर मात्र मी अडले. तिन्हीसांजेला दिवा लावून स्तोत्र म्हणायची माझी लहानपणापासूनची सवय. तीही बंद करायची की काय? मॅडम म्हणाल्या, “भक्ती तुमची आहे, तिला मी हात लावणार नाही. विचार पुसायला जे म्हणता, तेवढं आपण सोडू या.” ओळखायची खूण त्यांनी दिली: चुकलं तर पुढे जाता येतं का? आजाराच्या दिवसांत एखाद्या ओळीवर विचार आला की मी स्तोत्र पहिल्यापासून सुरू करायचे, कधी कधी दिव्यातलं तेल संपायचं. आता नियम झाला की एकदाच म्हणायचं, मधे काहीही मनात आलं तरी थांबायचं नाही. देवासमोर असलं चित्र मनात घेऊन बसायला मला विळीपेक्षाही जड गेलं. पण काही आठवड्यांनी मला त्या ओळी पुन्हा ऐकू यायला लागल्या, त्यांचा अर्थ लागायला लागला. आजाराने माझी संध्याकाळची वेळ हिरावली होती, ती मला परत मिळाली, असं मी म्हणेन.

सर्वांत कठीण होतं लिहिणं. जी भीती प्रत्यक्षात समोर आणता येत नाही, ती गोष्ट म्हणून लिहायची, आत्ता घडतेय अशी, आणि शेवटी सुटका ठेवायची नाही. ‘पण असं काही होणार नाही’ हे वाक्य घालायला बंदी. मी पहिल्या दिवशी दोनच ओळी लिहू शकले. पुढे पानभर झालं. ते स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज ऐकायचं. पहिल्या वेळेस उलटी होईल असं वाटलं. ऐकत राहिले. एके दिवशी ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की इडलीसाठी डाळ-तांदूळ भिजत घालायचे राहिलेत. रेकॉर्डिंग चालू होतं आणि मी तांदूळ मोजत होते. असल्या विचाराचा कंटाळा येऊ शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

गॅलरी शेवटी. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तोवर मला रीत कळली होती. लेकीला कडेवर घेऊन उभी राहिले, खालून भाजीची गाडी चालली होती, विचार आला, राहिला, मी आत आले.

विचार अजूनही येतो, विशेषतः झोप कमी झाली की. त्यावर मी काही करत नाही. लेक आता चालते, बोलते, चमचे ओट्यावर आपटते. मी कधीच काही करणार नाही, याची शंभर टक्के खात्री मला आजही नाही, आणि ती मला लागत नाही. ती कुठल्याच आईजवळ नसते, बाकीच्या जणी ती मागत नाहीत इतकंच.

कुणाला हे ओळखीचं वाटत असेल तर काही कामाच्या गोष्टी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी विचारावी, आणि “ओसीडीसाठी ईआरपी करता का?” हे थेट विचारावं. नुसतं मन मोकळं करणं, विचारांना आवर घालायला सांगणं, मनगटावर रबर ओढणं याने ओसीडी हटत नाही, कधी कधी वाढतो. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, २०२२ पासून सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं. बाळाबद्दलचे विचार डॉक्टरांना सांगताना शब्द गिळू नयेत. ‘टेन्शन येतं’ असं म्हटलं तर झोपेचा सल्ला मिळतो. माझ्या डोक्यात बाळाला मारण्याची चित्रं येतात आणि मला त्यांची भीती वाटते, असं पूर्ण वाक्य म्हणावं.

आम्ही आता दुसऱ्या बाळाचा विचार करतोय. बाळंतपणानंतर ओसीडी पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांशी आधीच बोललोय. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, दिवस राहायच्या आधीच त्यांच्याशी बसून ठरवायचं. सातव्या महिन्यापासून मॅडमच्या भेटी पुन्हा सुरू. या खेपेला माहेरी जाताना आईकडेही ते फ्रिजवरचं वाक्य लिहून देणार आहे, कारण विहिरीचं सांग म्हणून मी तिला पुन्हा विचारेन हे मला माहीत आहे. आई म्हणते, मला जमायचं नाही, तू रडलीस की मी बोलून जाईन. सासूबाईंनी तिला फोन करून सांगितलंय, जमतं हो, मी शिकवते.